वणव्याआधी जाळरेषा काढू या : ग्रामस्थ आणि चाकरमान्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत वाळलं, काजू मोहोरला, शिमगा तोंडावर आला. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. आपला बराचसा सडा आणि बागा खासगी आहेत, त्यामुळे तिथली जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, आपल्यालाच काढायची आहे. त्यासाठी माणसं आणि पैसे दोन्ही हवेत.

गेल्या वर्षी सड्यावरून उतरलेला वणवा गडग्याशी थांबेल असं वाटलं होतं. पण दगडांच्या फटींत पातेरा (वाळका पाला) अडकलेला होता, त्यातून आग पलीकडे गेली. काजूची कलमं बुंध्याशी भाजली. चार दिवस हिरवीच दिसली, मग पानं तांबडी पडून गळाली. पोरांनी हिरव्या टाळांनी (डहाळ्यांनी) आग झोडपून खालची घरं वाचवली, त्यांचे पाय पोळले. पुन्हा त्यांना रिकाम्या हातांनी आगीसमोर पाठवणं आम्हाला पटत नाही.

ग्रामसभेत ठरलेलं पुन्हा सांगतो. भाजावळ (पेरणीआधी शेतजमीन भाजणं) सकाळी दहाच्या आत उरकायची. नंतर खारा वारा सुटतो आणि ठिणगी आवरत नाही. आदल्या दिवशी पोलीस पाटलांना कळवायचं, कडेची जमीन साफ करायची, पाणी भरून ठेवायचं आणि राख पूर्ण विझेपर्यंत जागा सोडायची नाही. अंगणातला पातेरा जाळू नका, कलमांच्या आळ्यात घाला. जाळलं की गवत जोमानं येतं म्हणून सडा पेटवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, थांबवा हे. उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

पालखीपुढचे फटाके फक्त देवळासमोरच्या मोकळ्या जागेत. रात्री दहानंतर आवाजाचे फटाके कायद्यानेच बंद आहेत आणि माळांवर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंदी घातली आहे. बाण आणि उडते कंदील गावात कुणीही आणू नयेत.

मुंबईकरांनो, तुमच्या बंद घरांची आम्हाला जास्त काळजी वाटते. परड्यात कमरेएवढं गवत, कौलांवर पातेरा, मागच्या पडवीत लाकूडफाटा. तिथे ठिणगी पडली तर शेजारचं राहतं घरही जाईल. शिमग्याची वाट न पाहता घराभोवतीची दहा-पंधरा हात जागा साफ करून घ्या. मजुरी पाठवलीत तर मंडळ माणसं लावून देईल.

दोन ग्रासकटर, पाठीवरचे पाण्याचे पंप, जाड बूट आणि पेट्रोल यांसाठी घरटी 500 रुपये वर्गणी धरली आहे. ज्यांना जमेल त्यांनी जास्त द्यावी, ज्यांना जमणार नाही त्यांनी एक दिवस श्रमदान करावं. पावती खजिनदारांकडून घ्या; हिशेब ग्रामसभेत मांडू.

येत्या रविवारी सकाळी सहाला कोयता-विळा घेऊन देवळापाशी या. न्याहारी मंडळाची. मधल्या काळात कुठेही धूर दिसला तर 1926 किंवा 112 वर कळवा, मग वाडीत हाक द्या.

आपलं ग्रामविकास मंडळ