मार्शल डिलनचं डोकं

महोदय,

‘गनस्मोक’ या जुन्या अमेरिकी वेस्टर्न टीव्ही मालिकेचा विषय निघाला की सगळे पिस्तुलांबद्दलच बोलतात. पण १० सप्टेंबर १९५५ रोजी सीबीएस वाहिनीवर लागलेला पहिलाच भाग बघा. पिस्तूल काढण्यात भलताच चपळ असलेला गुंड डॅन ग्रॅट चक्क मालिकेच्या नायकाला, डॉज सिटी गावात कायदा राखणाऱ्या मार्शल मॅट डिलनलाच आडवा करतो! जखमेतून सावरणाऱ्या मॅटला उमगतं, की गड्याचा हात वेगवान, पण नेम कच्चा; म्हणून तर तो अगदी जवळ येऊन गोळी झाडतो. पुन्हा गाठ पडते तेव्हा मॅट त्याला जवळ फिरकूच देत नाही. लांबून ग्रॅटचा वेग फुकट जातो. वीस वर्षांत ६३५ भाग झाले. मला मात्र अजूनही डॉज सिटीच्या रस्त्यावरचं ते अंतरच आठवतं.

– एक वाचक, पुणे