रात्री एक वाजता गेट कोण वाजवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की बडोद्यातल्या मकरपुरा इंडस्ट्रियल इस्टेटच्या आजूबाजूच्या जुन्या कॉलन्या मोडकळीला आल्यात, लोकांना मोबदला देऊन बाहेर हलवा आणि जमीन शेडांना, म्हणजे छोट्या कारखान्यांना, द्या, पोरांना नोकऱ्या मिळतील. मी ते दोनदा वाचलं, कारण मी असल्याच एका कॉलनीत राहतो आणि तीस वर्षं भिंतीपलीकडच्या शेडमध्ये नोकरी केलीय, म्हणजे मीठ दोन्हीकडचं खाल्लंय.

जे खरं ते आधी कबूल करतो. बडोद्याला कारखान्यांनी जेवू घातलंय. 1965 मध्ये रिफायनरी आली, त्याच सुमाराला खताचा कारखाना, मग पेट्रोकेमिकल, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांत शिफ्टच्या बसच्या वेळेवर चहा व्हायला लागला. दुसरं, विषारी गॅसचं काम असेल तर घरं लांबच पाहिजेत, भोपाळला 1984 मध्ये कारखान्यासमोरच्या जेपी नगर वस्तीचं काय झालं ते विसरायचं कसं. आणि आम्ही राहणारे पण काही धुतल्या तांदळाचे नाही, आमच्या सोसायटीची गटार कुठं उघडी पडते ते मला विचारू नका.

पण आता शेडमधलं ऐका. आमच्याकडे पिकलिंगचं काम होतं, म्हणजे लोखंडावरचा गंज काढायला माल अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवायचा. त्याची वाफ उठते, ती ब्लोअरनं ओढून पाण्याच्या फवाऱ्यातून धुवावी लागते, त्याला स्क्रबर म्हणतात, आणि त्याचा पंप लाइट बिल खातो. म्हणून रात्री दहानंतर शेठचा हुकूम, पंप बंद. ब्लोअर मात्र चालू, नाहीतर आतल्या माणसांना ठसका लागतो ना. म्हणजे वाफ न धुता सरळ धुराड्यातून बाहेर, आणि बाहेर म्हणजे माझ्याच घरावर, खिडकीचं ग्रिल मी दर दिवाळीला रंगवायचो आणि होळीपर्यंत परत गंज. तरी मी गप्प, पगार होता.

मग कधीतरी रात्री एक वाजता गेट वाजायचं. आमच्याच कॉलनीतले एक काका, गळ्यात मफलर, हातात टॉर्च. भांडायचे नाहीत. आत येऊन पंपाच्या पाइपवर हात ठेवायचे, मी स्विच टाकायचो, पाइप थरथरायला लागला की काका घरी. तपासणीला जे कोणी यायचे ते दिवसा यायचे, आणि आम्हाला ते आदल्या दिवशीच कळलेलं असायचं.

म्हणून मला एवढंच वाटतं, वस्ती उठवली तरी वाफ तेवढीच राहणार, काका तेवढे जाणार.

कागदावर पण तेच होतं. आवाजाच्या 2000 सालच्या नियमांत राहत्या भागाला रात्री 45 डेसिबलची हद्द आहे आणि इंडस्ट्रियल भागाला 70 ची. झोन बदलला की कालपर्यंत बेकायदेशीर असलेला आवाज आज चालतो, आणि रस्त्याच्या अलीकडे जी घरं उरतात त्यांनी कानात बोळे घालायचे. हवेचं माप 2009 पासून दोन्हीकडे एकच आहे, पीएम 10 ची, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची, वर्षाची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, पण ते माप मागायला तिथं कोणी राहत तर पाहिजे. शिवाय पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या नियमांप्रमाणे मंजूर इंडस्ट्रियल इस्टेटच्या आत येणाऱ्या कारखान्याला लोकसुनावणीतून सूट आहे.

घाण लांब नेली की संपली असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आपल्या एफ्लुअंट चॅनलच्या कडेनं जाऊन यावं. मही नदी वाचावी म्हणून 1983 पासून कारखान्यांचं पाणी धनोऱ्याहून सारोदपर्यंत, पन्नासेक किलोमीटर लांब नेऊन खाडीच्या तोंडाशी सोडतात. शहराची सुटका झाली हे खरंच, पण चॅनलच्या वाटेवरच्या पादरा तालुक्यातल्या गावांत बोअरच्या पाण्याचा विषय नुसता काढून बघा.

नोकऱ्यांचं म्हणाल तर मी लागलो तेव्हा आमच्या शेडमध्ये शिफ्टला बावीस माणसं होती, रिटायर झालो तेव्हा नऊ, त्यातली सहा ठेकेदाराची. आमच्या एका ब्लॉकात चोवीस बिऱ्हाडं आहेत, ती कुठंतरी वाघोडियाच्या पुढं जाणार आणि रोज बाइकवर इकडेच कामाला येणार, त्या पेट्रोलचा धूर कोणाच्या खात्यात लिहायचा? गंमत म्हणजे तिकडे गेंडा सर्कलच्या बाजूला जुन्या कारखान्याच्या जागेवर मॉल आणि ऑफिसं झाली कारण तिथं भाव आहे, आणि आमच्याकडे भाव नाही म्हणून घरं पाडून शेड.

शेड आणायच्याच असतील तर बंद पडलेल्या प्लॉटांवर आधी आणा, तिथं कितीतरी गेटांना कुलपं लागलीत. वस्तीला लागून गोडाऊन द्या, असेंब्लीचं काम द्या, अ‍ॅसिडचं नको. आणि स्क्रबरच्या पंपाला वेगळा मीटर बसवा आणि त्याचं रीडिंग गेटबाहेर लावा, दहा ते सहा पंप फिरला का बंद होता ते शाळेतलं पोर पण सांगेल.

काका आता नाहीत. गेल्या थंडीत रात्री दोनला सौ. उठली, म्हणाली, अहो, तुमच्या शेडचा वास येतोय. मी टॉर्च शोधली आणि गेलो. वॉचमन नवीन होता, त्यानं काही आत सोडलं नाही, वर नाव-ब्लॉक नंबर वहीत लिहून घेतला. परत येऊन जिना चढतच होतो तेवढ्यात पंप सुरू झाला, तो आवाज मी झोपेत पण ओळखतो.

आपला,
एक रिटायर्ड सुपरवायझर,
मकरपुरा, बडोदा