बोर्ड बदलण्याआधी बोर्डावरचे नाव वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा टिळक रस्त्यावर ‘गेमिंग पीसी अपग्रेड करायचाय’ एवढे म्हटले की पुष्कळदा पाच मिनिटांत कोटेशन हातात पडते : नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड, नवी रॅम. वर ‘प्लॅटफॉर्मच बदलून टाका, पाच वर्षं बघायला नको’ हा सल्ला फुकट. सल्ला दर वेळी चुकतो असे नाही. पण घरी आत्ता बोर्ड कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, मॉनिटर किती हर्ट्‌झचा, यातले काही न विचारता तो दिला जातो आणि सध्याच्या दिवसांत ही घाई चांगलीच महागात पडते.

महागात पडते ती रॅममुळे. एएमडीचा एएम५ आणि इंटेलचा एलजीए १८५१ हे दोन्ही नवे सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम घेतात. जुनी डीडीआर४ त्यांच्या बोर्डात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायचा सपाटा लावला, तसे रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात तर मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. तेव्हा ज्याच्या कॅबिनेटमध्ये डीडीआर४च्या दोन चालू स्टिक आहेत, त्याच्याकडे आज बऱ्यापैकी ऐवज आहे. ही रॅम नव्या बोर्डावर चालणार का, हा पहिला प्रश्न. प्रोसेसरची पिढी वगैरे नंतर.

त्याच्याही आधी, दोष प्रोसेसरचाच आहे हे तरी ठरू द्या. आफ्टरबर्नर हे कार्डाचा वापर दाखवणारे सॉफ्टवेअर आणि त्यासोबत येणारा रिवाट्यूनर टाका, गेममधला व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि फ्रेमची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा बंद करा आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहा. पंच्याण्णवच्या वर असेल तर अडले आहे ते कार्डापाशी; प्रोसेसर बदलून हाती काही लागणार नाही. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल तर संशय प्रोसेसरवर. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणा. फ्रेम्स तेवढ्याच राहिल्या, तर दुखणे प्रोसेसरचे किंवा रॅमचे. प्रोसेसरचा एकूण वापर ‘फक्त चाळीस टक्के’ दिसतो म्हणून फसू नये : बारा थ्रेडपैकी (प्रोसेसरमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा) एखाद-दोन थ्रेड पूर्ण भरले आणि बाकीचे निम्मेही भरले नाहीत, तरी सरासरी तेवढीच येते. सरासरी फ्रेम्सपेक्षा ‘वन पर्सेंट लो’ (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेम्सचा वेग) हा आकडा बघा; खेळताना जो झटका बसतो तो तिथे दिसतो. आणि मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल आणि गेम ऐंशी-नव्वद फ्रेम्स न अडखळता देत असेल, तर कोटेशन घडी घालून खिशात ठेवा.

रॅमचा संशय तर घरबसल्या फिटतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेले असते. डब्यावर ३२०० छापलेली रॅम तिथे २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल, तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला डब्यावरचा वेग देणारे सेटिंग, चालूच केलेले नाही. स्लॉट ‘चारपैकी एक’ असेल, तर रॅम सिंगल चॅनेलवर चालली आहे आणि प्रोसेसरला निम्म्याच रुंदीच्या रस्त्यावरून माल मिळतो आहे. तशीच दुसरी स्टिक घ्या, बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये लावा (चार स्लॉटच्या बोर्डावर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा). आजच्या भावातही सगळ्या बदलापेक्षा हे स्वस्त पडेल.

आता समजा दोष खरोखर प्रोसेसरचा निघाला. सिस्टिम इन्फर्मेशन उघडून ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ ही ओळ वाचा. बी४५०, बी५५०, एक्स४७०, एक्स५७० असे काही दिसले तर तुम्ही एएम४वर आहात आणि बहुधा प्लॅटफॉर्म सोडायची गरज नाही. २०१७च्या पहिल्या रायझनपासून २०२०च्या ५००० मालिकेपर्यंत सगळे याच सॉकेटवर आले. १६००, २६०० किंवा ३६०० काढून त्या जागी ५६०० किंवा आठ कोअरचा ५७००एक्स बसवायचा. दोन्ही ६५ वॉटचे, त्यामुळे बोर्डावर ताण नाही. विंडोज ११ रायझन १६००ला अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला; नुसता प्रोसेसर बदलला तरी तोही प्रश्न सुटतो.

खास गेमिंगसाठीचे ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी हे याच सॉकेटवरचे. ५६००मध्ये ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, यांत ९६. गेम प्रोसेसरकडून सतत विखुरलेली, बारीकसारीक माहिती मागवतो. ती कॅशेत सापडली तर काम दहाएक नॅनोसेकंदांत होते, रॅमपर्यंत जावे लागले तर त्याच्या कित्येक पट वेळ जातो. कॅशे मोठा असला की या खेपा वाचतात, म्हणूनच एक्स३डीवर साधी, स्वस्त डीडीआर४ही फारशी आड येत नाही. आता हे नवे क्वचितच मिळतात. सेकंड हँड घ्यायचा तर उलटा करून पिना उजेडात तिरक्या धरून पाहाव्यात. १३३१ पिनांच्या ओळी सरळ दिसायला हव्यात, एखादी कललेली लगेच डोळ्यांत भरते.

इंटेलवाल्यांचे गणित वेगळे. तिथे सॉकेट दोन, फार तर तीन पिढ्या टिकतो. एलजीए ११५१चा किस्सा तर नमुनेदार : सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, पिना तेवढ्याच, सॉकेटचे नावही तेच, पण जुन्या १००-२०० मालिकेच्या बोर्डावर आठवी पिढी चालत नाही. नाव जुळले म्हणून सेकंड हँड आय७ उचलणारे इथे आपटतात. याउलट एलजीए १७००वर आय३-१२१००एफ असेल तर त्याच बोर्डावर आय५ चढवता येतो. मात्र एच६१०च्या काटकसरी बोर्डावर आय७-१४७०० वगैरे बसवू नये; वीज पुरवणारा भाग तापतो आणि प्रोसेसर वेग कमी करून बसतो. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे झिजण्याचा दोष होता. सप्टेंबर २०२४चा ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संच) किंवा त्यानंतरचा असलेले बायोस टाकल्याशिवाय ते वापरू नयेत. झालेली झीज मात्र बायोसने भरून येत नाही, म्हणून या पिढ्यांचे आय७-आय९ सेकंड हँड घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

आय५-७४०० किंवा ८४०० असलेल्यांना नव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी बोर्ड बदलावाच लागेल. पण बोर्ड बदलायचा म्हणजे रॅमही बदलायची असे नाही, आणि दुकानात नेमके हेच सांगितले जात नाही. बी५५० बोर्ड आणि रायझन ५६००, किंवा बी६६०-बी७६०चा डीडीआर४वाला बोर्ड आणि आय५-१२४००एफ : दोन्हींवर जुनी डीडीआर४ चालते. एलजीए १७००चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले, तेव्हा नावापुढचे ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ तपासून घ्या. बी३६०वर २६६६च्या वर न गेलेली ३२००ची रॅम इथे पूर्ण वेगाने धावते, हा वरचा फायदा.

‘बी४५०वर पीसीआय एक्सप्रेस ३.०च आहे’ (म्हणजे ग्राफिक्स कार्डाला बोर्डाशी जोडणारी वाट जुन्या, कमी वेगाच्या पिढीची) ही भीती जरा जास्त पसरली आहे. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० यांना आठच लेन (त्या वाटेतल्या पदऱ्या) असल्याने थोडे नुकसान होते, कार्डाची आठ जीबी भरली की जास्त. तेवढ्यासाठी बोर्ड फेकण्यात अर्थ नाही. चार लेनचे आरएक्स ६५०० एक्सटी मात्र अशा बोर्डावर घेऊ नये.

त्याच बोर्डावर प्रोसेसर बदलताना क्रम पाळा. कंपनीच्या साइटवर बोर्डाच्या पानावर सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, त्यात प्रोसेसरसमोर किमान कोणते बायोस लागते ते दिलेले असते. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन क्रमांकही जुळवा, एकाच नावाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकते. विंडोजमध्ये बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या किंवा बिटलॉकर तेवढ्यापुरते थांबवा. नवा प्रोसेसर बसला की ‘एफटीपीएम (त्या कुलपाची किल्ली जपणारा भाग) रिसेट करू का’ असे विचारले जाते, आणि की हाताशी नसताना होय म्हटले तर ड्राइव्ह कुलूपबंद. बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून चढवा, आणि पीसी यूपीएसवर असल्याशिवाय नको. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कशी डोळे मिचकावते ते सांगायला नको, आणि अर्धवट लिहिलेले बायोस म्हणजे बंद पडलेला बोर्ड.

कूलर काढण्याआधी दहा मिनिटे एखादा गेम चालवून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट गरम होऊ द्या. मग पीसी बंद, वायर काढा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा. सरळ वर ओढला तर एएम४चा प्रोसेसर लॉक लागलेला असतानाच पेस्टला चिकटून सॉकेटबाहेर येतो आणि पिना वाकतात. वाकलीच, तर ०.५ मिलिमीटर शिसाच्या रिकाम्या क्लिक-पेन्सिलची नळी पिनेवर चढवून हळूहळू सरळ करता येते. घाई केली तर तुटते. बायोस बदलल्यावर एक्सएमपी पुन्हा बंद झालेले असते, ते चालू करायला विसरू नका.

सगळेच बदलायचे कोणी? ज्यांच्याकडे डीडीआर३ आहे, किंवा जे एएम४च्या टोकाला पोहोचले आहेत आणि भारी कार्डासोबत २४० हर्ट्‌झचा मॉनिटर वापरतात, त्यांनी. त्यांनी एएम५कडे जावे; हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू असे एएमडीने सांगितले आहे. एलजीए १८५१ गेमिंगसाठी मी सुचवणार नाही. ऑक्टोबर २०२४ला आलेले त्याचे प्रोसेसर गेममध्ये स्वतःच्याच चौदाव्या पिढीच्या पुढे गेले नाहीत. एएम५वर रॅम दोन स्टिकांत घ्या, ६०००ची, सीएल (प्रतिसादाचा विलंब) ३०. चार स्टिक लावल्या तर रायझन ७०००साठी अधिकृत वेग ३६००वर उतरतो. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो : पडदा काळा, पंखे फिरताहेत, रॅमचा दिवा पेटलेला, आणि हे काही मिनिटे चालते. बटण दाबू नका. ‘डेड’ म्हणून परत आणलेल्या बोर्डांत असेही असतात.

स्वतःची बॅकप्लेट लागणारा जुना कूलर एएम५वर बसत नाही, कारण तिथली मागची पट्टी काढता येत नाही. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलणार असाल तर जुन्या मॉड्युलर वायरी नव्याला लावू नका. टोके सारखी दिसतात, आतली जोडणी वेगळी असते आणि हार्डडिस्क जळते. विंडोजचे लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा.

दुकानदारांना एकच विनंती : कोटेशनवर ‘१६ जीबी रॅम’ एवढेच न लिहिता स्टिक किती आणि वेग किती ते लिहा, बोर्डाचे पूर्ण नाव लिहा, आणि १८ टक्के जीएसटी धरून आहे की वेगळा तेही. आणि ग्राहकांना : एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्येच असतात, त्यावर एक प्लास्टिकचे झाकण येते. प्रोसेसर बसवताना ते निघते आणि बहुतेकांच्या हातून थेट कचऱ्यात जाते. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ते झाकण लावूनच पाठवावा लागतो, नाहीतर पिना वाकल्याचे खापर तुमच्यावर. बोर्डाच्या डब्यात टाकून ठेवा.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे