हृदयचक्र हिरवे, हे कोणी सांगितले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला सात चक्रे (योगात देहात कल्पिलेली ध्यानाची स्थाने) आणि सात रंगांचा लेख वाचला आणि राहवले नाही. मूलाधार लाल, मग नारिंगी, पिवळे, हिरवे, निळे करत डोक्यावर जांभळे, आणि हे म्हणे हजारो वर्षांपूर्वी ऋषींनी सांगून ठेवले आहे. कोणत्या ग्रंथात, ते मात्र अख्ख्या लेखात कुठे नाही.

आज भिंतीभिंतीवर दिसणारी चक्रांची मांडणी मुख्यतः 'षट्चक्रनिरूपण' या ग्रंथातली. बंगालमधल्या पूर्णानंदांनी तो १५७७ मध्ये संस्कृतात लिहिला. कलकत्त्याचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये तो इंग्रजीत आणला आणि तिथून तो जगभर गेला. त्यात अनाहताच्या, म्हणजे हृदयचक्राच्या, बारा पाकळ्या बंधूकाच्या फुलासारख्या लाल आहेत, नाभीजवळच्या मणिपुराच्या दहा भरल्या ढगासारख्या काळसर, आणि भुवयांमधले आज्ञाचक्र चंद्रासारखे पांढरे. हिरवे हृदय आणि ओळीने इंद्रधनुष्य ही विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य लेखकांची भर आहे.

सात हा आकडाही सगळीकडे नाही. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चक्रे चारच: नाभीत ६४ पाकळ्या, हृदयात ८, कंठात १६, मस्तकात ३२. तिथे नाड्यांची, म्हणजे प्राणाच्या वाहिन्यांची, नावेही वेगळी: ललना, रसना आणि अवधूती. गोरखनाथांच्या नावावर असलेल्या सिद्धसिद्धान्तपद्धतीत नऊ चक्रे, त्यातले एक टाळूत. साधक ज्या परंपरेत दीक्षा घेतो, तिच्या मांडणीप्रमाणे तो ध्यानाने आणि मंत्राने ती स्थाने आपल्या देहात उभी करतो, म्हणून हे आकडे वेगळे. मूलाधारापासून आज्ञेपर्यंतच्या पाकळ्या मिळून पन्नास होतात, कारण प्रत्येक पाकळीवर वर्णमालेतले एक अक्षर आहे. यावरून कोणाच्या थायरॉइडसारख्या ग्रंथींचे निदान करायचे, हे आले कुठून?

माझा राग आहे तो इथे. माझ्या धाकट्या जावेला थायरॉइडची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शिबिरात तिच्या गळ्यासमोर लोलक धरला आणि सांगितले, तुमचे विशुद्ध चक्र बंद आहे, तुम्ही मनातले बोलत नाही. उपाय म्हणून गळ्यात निळा खडा, रोज 'हं' बीजाचा जप, आणि गोळी हळूहळू बंद. जपाने तिचे काही बिघडले नसते. गोळी सुटल्याने बिघडले. दिवाळीपर्यंत चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, चकलीची भाजणी मळता मळता बाईला डुलकी लागायची. रक्त तपासले तर टीएसएच (थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक) भलतेच वाढलेले. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. शिबिरवाले फोन उचलत नव्हते. ती मात्र अजून म्हणते, 'माझंच चुकलं वहिनी, मीच मोकळेपणानं बोलत नाही.' आजारी बाईच्या माथी तिच्याच आजाराचा दोष मारून ठेवला, हे मला सहन होत नाही. आणि काल तुमच्या लेखात तेच छापून आले: थायरॉइड म्हणजे दाबलेला आवाज. त्याच पानावर खाली लेखिकेच्या शिबिराची जाहिरात आहे. लेख कोणता आणि जाहिरात कोणती, हे वाचकाने कसे ओळखायचे?

आम्हा नाशिककरांना हा विषय परका नाही. ब्रह्मगिरीवर नाथपंथी गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना जो उपदेश दिला, तो ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात उतरला आहे. गीतेत कुंडलिनीचे नावसुद्धा नाही. माउलीच सांगतात, 'पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु', म्हणजे ही नाथपंथाची खूण आहे. तिथे कुंडलिनीबद्दल 'व्याधीतें दावी । सवेंचि हरवी' (व्याधी दाखवते आणि लगेच घालवते) असेही येते, आणि शिबिरवाले उद्या तेवढेच दाखवतील. पण ते मूळबंध, जालंधर, वोढियाणा हे योगातले बंध साधलेल्या योग्याच्या देहाबद्दल आहे. शुल्क भरून सतरंजीवर बसलेल्या गृहिणीने औषध सोडावे, असे त्यात काही नाही. बाराव्या अध्यायाच्या आरंभी माउली हीच योगाची भाषा गुरुकृपेच्या मायेसाठी वापरतात: 'सतरावियेचें स्तन्य देसी । अनुहताचा हल्लरु गासी'. सतराव्या कलेच्या अमृताचे दूध आणि अनाहत नादाची अंगाई! एवढे आपल्या घरात असताना रंगांचा तक्ता बाहेरून आणून ऋषींच्या नावावर खपवायचा, याचे वाईट वाटते.

जाता जाता आणखी एक. याच पानावर शुक्रवारी ओव्यांचे छोटे सदर यायचे. वाचकांना एका ओळीने न कळवता आपण ते बंद केलेत आणि त्या जागी आता खड्यांच्या जाहिराती येतात. ते सदर पुन्हा सुरू करावे.

आणि येत्या पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात एवढे छापा: थायरॉइडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक