मालाचा माग टप्प्याटप्प्याने घ्यावा

मा. संपादक,

कारखान्यापासून दुकानापर्यंत प्रत्येक खोक्याचा माग ठेवणारी यंत्रणा एकाच वेळी सगळीकडे बसवण्याचा आग्रह हल्ली अनेक कंपन्या धरताना दिसतात. औषध वितरणाच्या कामात असल्याने या यंत्रणेची गरज मला पूर्ण मान्य आहे. एखादी सदोष बॅच परत मागवायची वेळ येते तेव्हा ती भिवंडीच्या गोदामात किती उरली, प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे किती गेली आणि उपनगरांतल्या दुकानांत किती पोहोचली, हे काही तासांत कळण्यावर रुग्णांची सुरक्षितता अवलंबून असते. माझा आक्षेप घाईला आहे.

अमेरिकेतील किरकोळ विक्री कंपनी वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी ओळखपट्टी) लावण्यास सांगितले होते. मुदत गाठायची म्हणून अनेकांनी माल बाहेर पडताना दारातच टॅग चिकटवले. त्यांच्या स्वतःच्या गोदामात त्याचा काहीच उपयोग झाला नाही आणि खर्च मात्र त्यांच्याच माथी बसला. शिवाय या टॅगच्या रेडिओ लहरी द्रवात शोषल्या जातात आणि धातूवरून परावर्तित होतात, त्यामुळे सिरपच्या बाटल्या आणि ॲल्युमिनियमच्या स्ट्रिप हाताळणाऱ्या आमच्या व्यवसायाने टॅग कुठे लावायचा आणि तो वाचणारे यंत्र कुठे बसवायचे हे आधी प्रत्यक्ष मालावर तपासले पाहिजे. केंद्र सरकारनेही औषधांच्या वेष्टनावरील बारकोड किंवा क्यूआर कोडची सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून आधी ३०० ब्रँडपुरतीच लागू केली, आणि तो क्रम मला योग्य वाटतो.

सुरुवात २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागणाऱ्या इन्सुलिन व लशींपासून, एका गोदामात आणि एकाच मार्गावर करावी. काही महिने जुनी नोंदवही सोबत चालू ठेवावी आणि यंत्रातला आकडा व प्रत्यक्ष साठा यांत जिथे फरक पडेल तिथे त्याचे कारण सापडेपर्यंत पुढचा मार्ग जोडू नये. कारण बहुतेक वेळा साधेच असते: परतीचा माल स्कॅन न करताच कोपऱ्यात ठेवलेला असतो, किंवा फुटलेल्या खोक्यातला माल दुसऱ्यात भरलेला असतो.

या सगळ्या चर्चेत माल उचलणाऱ्यांचा विचार फारच कमी होतो. ज्या माथाडी कामगाराला नगावर मजुरी मिळते त्याला प्रत्येक खोके स्कॅन करायला लावले, तर त्याची दिवसाची कमाई घटते. तो वेळ दरात धरला गेला पाहिजे, आणि स्कॅनरच्या पडद्यावरच्या सूचना त्याला वाचता येतील अशा मराठीत किंवा हिंदीत असल्या पाहिजेत. लहान स्टॉकिस्ट आणि टेम्पोमालक यांच्याकडून यंत्राचे पैसे मागण्याऐवजी, निदान पहिल्या टप्प्यात तरी, ते यंत्र कंपन्यांनी स्वखर्चाने द्यावे आणि पुढील वर्षाचे वाहतूक करार करतानाच ही अट त्यांत लिहून घ्यावी.

आपला,
औषध वितरण व्यवसायातील एक कर्मचारी,
भांडुप, मुंबई