शैले, सौरभला गुरुवारी जेवायला बोलवू का?

सांगली, २१ जानेवारी

प्रिय शैले,

दिवाळीपासून पत्र नाही आणि यंदा तिळगूळही धाडला नाही. राग धरू नकोस. नाहीतरी तू धरणारच म्हणा. माझा गुडघा आहे तसाच आहे, ह्यांची साखर ताब्यात आहे. तब्येतीचं एवढं पुरे.

आमच्या मुक्ताने सौरभशी रजिस्टर लग्न करायची नोटीस दिली. महिनाभर थांबावं लागतंच, आणि त्यापुढची तारीख तिने कुठली काढावी? १४ फेब्रुवारी! वर घरच्या ग्रुपवर कथाही टाकली: क्लॉडियस बादशहाने सैनिकांना लग्नबंदी केली, व्हॅलेंटाइन नावाचा पुजारी चोरून लग्नं लावायचा, सापडला, मुंडकं उडवलं. त्यावर विनायकभावजी लगेच हजर. म्हणे हा रोमनांचा उघडानागडा सण, आपल्या घरात नको. मग पोरांची खीखी, भावजी ग्रुपमधून बाहेर, आणि त्यांची मनधरणी करायला आमचे हे. अजून बाबापुता चाललंय.

माझा जन्म ग्रंथालयात गेलेला. मी आपली शोधायला बसले. दोघांचंही अर्धंच खरं आहे गं! भावजींचा सण खरा होता, लुपरकॅलिया. १५ फेब्रुवारीला पॅलाटिन टेकडीपाशी बोकड आणि कुत्रा बळी द्यायचे, कातड्याच्या वाद्या घेऊन तरुण धावत सुटायचे, आणि वाटेतल्या बायका मूल व्हावं म्हणून मुद्दाम फटके खायच्या. इ.स.पूर्व ४४ मध्ये याच दिवशी अँटनीने सीझरपुढे मुकुट धरला होता. पाचव्या शतकाच्या शेवटी पोप गेलासियसने त्या सणावर तोंडसुख घेतलं, पण त्याच्या जागी प्रेमाचा सण बसवला असं कुठेही नाही. मुक्ताचे व्हॅलेंटाइन तर दोन निघाले. एक रोमचा पुजारी, दुसरा तेर्नीचा बिशप, दोघांचा दिवस १४ फेब्रुवारीच. कदाचित माणूस एकच असेल. त्यांच्या कथा काही शतकांनी लिहिल्या गेल्या. त्यांत आजारी बरे होतात, लोक ख्रिस्ती होतात, सैनिकाचं लग्न एकही लागत नाही. १९६९ मध्ये खुद्द कॅथलिक चर्चने त्याला आपल्या सर्वसाधारण पंचांगातून काढून टाकलं. हे मी भावजींना सांगितलेलं नाही. फार खूश होतील.

या दिवशी प्रेम आलं ते हजारेक वर्षांनी, इंग्लंडात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर नावाच्या कवीने पक्ष्यांची सभा भरवली. संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी प्रत्येक पाखरू आपला जोडीदार निवडतं म्हणे. तिथे एका गरुडिणीला तीन स्थळं सांगून येतात. बदकं, कोकिळा सगळे सल्ले देतात, अगदी आपल्या आत्याबाईंसारखे. आणि ती काय म्हणते? मला विचाराला वर्षभर द्या. मिळतंही तिला. मी मुक्ताला एवढंच तर म्हणत होते! तर म्हणाली, "आई, तो पक्षी होता."

पण तुला लिहायला बसले ते मार्जरीमुळे. मार्जरी ब्रूज, इंग्लंडातल्या नॉरफोकची. फेब्रुवारी १४७७ मध्ये तिने जॉन पास्टनला 'माझ्या लाडक्या व्हॅलेंटाइन' म्हणून पत्र लिहिलं. स्वतः नाही, लेखनिकाला सांगून. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. इंग्रजीत व्हॅलेंटाइन म्हणून लिहिलेलं सगळ्यात जुनं पत्र तेच समजतात. लोकांना वाटतं त्यात गुलाब असतील. शैले, त्यात हुंडा आहे! आईने बाबांपाशी खूप खटपट केली, पण तुम्हाला ठाऊक आहे त्यापेक्षा जास्त काही सुटत नाही. तुमचं माझ्यावर प्रेम असेल तर एवढ्यासाठी मला सोडणार नाही. हे पहिलं पत्र. दुसऱ्यात सरळ आकडाच: बाप शंभर पौंड आणि पन्नास मार्कांच्या (तेही तेव्हाचं पैशाचंच माप) वर जायचा नाही. एवढ्यात आणि माझ्यात समाधान असेल तर माझ्याइतकी आनंदी पोर पृथ्वीवर नाही, नसेल तर पुन्हा येण्याची तसदी घेऊ नका. केवढी ताठ पोरगी!

आणि तिची आई त्याआधीच जावयाला निरोप धाडते की शुक्रवारी व्हॅलेंटाइनचा दिवस, पाखरं जोडीदार निवडतात, तर गुरुवारी रात्रीच या, सोमवारपर्यंत राहा, ह्यांच्याशी बोला. वर पुस्ती जोडते की पहिल्याच घावाला पडेल तो कसला ओक वृक्ष! बाई हुशार. त्याच वर्षी लग्न झालं.

आता आमचं ऐक. सौरभची आई म्हणाली, "आम्हाला काहीच नको हो, फक्त फ्लॅटच्या बुकिंगला तुमचाही हात लागला तर मुलांचंच भलं." ह्यांनी मान हलवली, का हलवली ते त्यांनाच माहीत. मी सौरभकडे बघितलं, तर तो सतरंजीकडे बघत होता. आठवला का कोण? तुझ्या बैठकीत त्या मुलाच्या मामाने स्कूटरचा विषय काढला तेव्हा तोही असाच बघत होता. तू चहाचा ट्रे घेऊन आलीस आणि म्हणालीस, "स्कूटर हवी असेल तर शोरूममध्ये जा, इथे मुलगी दाखवतात." (कप तू आपटल्यामुळे फुटले. माझा धक्का लागून नाही. हे मी मरेपर्यंत म्हणणार.)

मुक्ताला सांगितलं तर म्हणते, "तो बोलेल गं, त्याला वेळ दे." म्हणजे स्वतःला वर्ष नको आणि त्याला मात्र वेळ द्यायचा. पोरगा वाईट नाही. माझ्या चष्म्याची काडी त्यानेच बसवून आणली. पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नाही, आणि न बोलणारा माणूस पुढे कितपत बोलेल याचा हिशोब मला रात्ररात्र झोपू देत नाही. ह्यांना सांगितलं तर ते कर्जाचा हप्ता मोजायला बसतात. हे तूच समजशील.

म्हणून विचारते, मार्जरीच्या आईसारखं मीही त्याला एकट्याला गुरुवारी जेवायला बोलवू का? पुरणपोळी वाढावी आणि तोंडावर विचारावं, तुझं काय म्हणणं आहे? मुक्ताला कळलं तर घर डोक्यावर घेईल. तरी मला वाटतं विचारावंच.

अरुणरावांची निवृत्ती झाली का? चिन्मयला पुण्यात नोकरी लागल्याचं माईकडून कळलं, अभिनंदन. तुझ्या कमरेला आता पट्टा लावतेस ना? फोटो पाठव, चिन्मयचा. पट्ट्याचा नको.

उत्तर फोनवर दे, पण दुपारी, हे झोपलेले असतात तेव्हा. आणि सही करायला साक्षीदार तीन लागतात. त्यातली एक तू, असं मुक्ताने परस्पर ठरवून टाकलंय. लग्न झालं तर.

तुझी,
मंदा

ता. क. ट्रे कोणता होता गं, स्टीलचा की तो मोरांचा?