राजदूत नव्हता, तरी दूतावास होता

संबंध ताणले की ‘दूतावासाला टाळे ठोका’ अशी मागणी लगेच होते. अशांनी बीजिंगमधल्या आपल्या दूतावासाचा इतिहास चाळावा. १९६१मध्ये आपले राजदूत परतले, त्यानंतर १५ वर्षे नवा राजदूत गेलाच नाही. मधे १९६२चे युद्धही झाले. पण प्रभारी दूत होते, कचेरी चालू होती! म्हणूनच १ मे १९७० रोजी तिआनमेनच्या सज्जात परदेशी दूतांच्या रांगेपुढून जाताना माओ आपले प्रभारी दूत ब्रजेश मिश्र यांच्यापाशी थांबले, हसून हात मिळवला आणि असे किती काळ भांडत राहणार, असे म्हणाले. टाळे असते तर हा निरोप द्यायचा कोणाला? तरीही राजदूत पाठवायला १९७६ उजाडले. गेले ते के. आर. नारायणन, पुढचे राष्ट्रपती.

– एक वाचक